टाक्याची किल्ली

“टाक्याचं झाकण कुणी सरकवलं?” यांजानं सुनेला दरडावून विचारलं.

“मीच, आई. कॉफीपुरतं पाणी काढलं.”

“मग रस्ता कशानं ओला झालाय? तोही कॉफी पितो वाटतं?”

नेवेंका ओशाळली. “स्तिपे खाणीवर निघाला ना, त्याच्या मागं भांडंभर ओतलं. आमच्याकडे ओततात. पाण्यासारखा माणूसही सुखरूप जातो म्हणे.”

“तुमच्या दारात नदी आहे, बाई! इथं माणूस निघाला की आम्ही नुसती क्रुसाची खूण करतो. त्याला पाणी लागत नाही.”

यांजाचं गाव उघड्या दगडावर वसलेलं. झरा नाही, विहीर नाही. हिवाळी पावसात छपरांवरून येईल ते पाणी अंगणाखालच्या टाक्यात साठवायचं आणि तेवढ्यावर माणसं, मेंढ्या, कोबी सगळ्यांनी उन्हाळा काढायचा. तोंड धुतलेलं पाणीसुद्धा कोबीला जाई. ‘खालच्या पाणथळातली पोर करू नकोस, तिचा हात सढळ असणार,’ असं तिनं मुलाला, स्तिपेला, बजावलं होतं. पण ऐकतो कोण!

ऑगस्टात पाणी भराभर उतरू लागलं. बादलीच्या दोराला आणखी एक तुकडा जोडावा लागला. यांजाच्या मनात पाल चुकचुकली. सून झोपली की ती हळूच तिच्या वेणीला हात लावून बघे, ओली आहे का म्हणून. शेवटी तिनं टाक्याला कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. नेवेंका मिळेल तेवढं पाणी निमूट घेई. तरी पाणी उतरतंच होतं.

‘सटवीनं दुसरी किल्ली केली असणार!’ यांजानं भर दुपारी सुनेची पेटी अंगणात उपडी केली. लग्नातले कपडेसुद्धा झटकून पाहिले.

“सापडली?” नेवेंका दारातून म्हणाली. आवाज अगदी शांत. तिनं कपडे गोळा केले आणि संध्याकाळच्या बसनं माहेर गाठलं. स्तिपे आईशी बोलेनासा झाला.

आता घरात दोघंच, तरी पाणी उतरत राहिलं. यांजाला काही सुचेना. मग शिडी लावून ती स्वतः टाक्यात उतरली. पाणी घोट्याला लागत होतं. तळाशी बोट जाईल एवढी भेग पडली होती. घरातलं पाणी डोंगर पीत होता.

“देवा रे, काय केलं मी हे!” ती तिथंच ओल्यात मटकन बसली.

दुसऱ्या दिवशी काळा रुमाल बांधून ती खालच्या गावी गेली. नेवेंका घरामागं नदीच्या काठावर कांदे धूत होती. सासूला पाहून ती गळ्यात पडली नाही की तिनं पाठ फिरवली नाही. नुसतं पाहुणीला घालावं तसं, रीतीप्रमाणे हातांवर पाणी घातलं. यांजानं सवयीनं खाली ओंजळ धरली.

“सांडू दे, आई. इथं चालतं.”

“टाकं फुटलंय,” यांजा म्हणाली. “तुझा काही दोष नव्हता. माझंच चुकलं, पोरी. घरी चल.”

नेवेंकानं हातातला कांदा धुऊन बाजूला ठेवला.

“मी नाही यायची. मला पुन्हा तिथं चोर होऊन राहायचं नाही. स्तिपेला यायचं असेल तर त्यानं इकडे यावं.”

एकुलता एक मुलगा. यांजानं ओले हात झग्याला न पुसता तसेच धरून ठेवले.

“पाठवते,” ती म्हणाली, आणि बसच्या रस्त्याला लागली.