कुसुमची आई काय म्हणाली?

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे, आणि माझ्या पुठ्ठ्यावर हळदीकुंकवाची बोटं आहेत. कादंबरीला कुणी हळदकुंकू वाहत नाही, हे मलाही कळतं. पण मला वाहिलं. सोनईतल्या बायांनी वाहिलं, रोज दुपारी, जवळजवळ महिनाभर. ते कसं झालं, ते सांगते.

माझा जन्म नगरच्या एका छापखान्यातला. नाव माझं ‘कुसुमचा उंबरठा’. कुसुम ही चांगल्या घरची मुलगी रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या प्रेमात पडते, आईचं न ऐकता त्याच्याशी लग्न करते, आणि आई तिच्या तोंडावर दार लावून घेते, अशी माझी कथा. मला वाचताना तीन ठिकाणी रडू येतं आणि एका ठिकाणी गुदगुल्या होतात. मला शिवणारा छगन बाइंडर हाताचा मोठा चलाख. फक्त त्याचं एक लक्ष चहाच्या किटलीकडं असायचं. सोळा-सोळा पानांचे फर्मे रचताना त्यानं माझा अकरावा फर्मा शेजारच्या गठ्ठ्यावर ठेवला आणि त्या गठ्ठ्यातला माझ्या पोटात शिवला. शेजारी ‘घरगुती कोंबडीपालन’ नावाचं पुस्तक बांधायला आलं होतं. म्हणजे कुठल्या तरी कोंबडीवाल्याला अंडी उबवता उबवता एकदम कुसुमची आई भेटली असणार. त्या बिचाऱ्याचं पुढं काय झालं, देव जाणे.

सोनईच्या वाचनालयात नृसिंह गुरुजींनी मला कपाटात उभं केलं. माझ्या पोटातली गडबड बरीच वर्षं कुणी बोललं नाही. गुरुजी कादंबऱ्या वाचत नसत, आणि ज्या बाया मला न्यायच्या त्या चोरून वाचायच्या. चोरून वाचणारं माणूस तक्रार कशी करणार?

बहात्तर सालच्या उन्हाळ्यात मला शोभानं नेलं. शोभा म्हणजे बनुबाईंची सून. बनुबाईंच्या घरात कादंबरीला बंदी होती, आणि त्याला कारण त्यांची लेक राही. राही चुलीपुढं कादंबरी घेऊन बसायची, तव्यावर भाकरी करपायची. दोन वर्षांमागं तिनं शेवगावचं ठरलेलं स्थळ मोडलं आणि तिसगावच्या सायकलवाल्या सूर्यभानशी लग्न केलं. बनुबाईंनी सगळा दोष कादंबऱ्यांवर टाकला. दार मात्र लेकीला बंद केलं.

त्या साली अधिक महिना नेमका वैशाखात आला. अधिक महिना तीन वर्षांनी येतो. लेक-जावयाला बोलावून धोंड्याचं जेवण घालायचं, तांब्याच्या ताटात तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. राहीचा हा लग्नानंतरचा पहिला धोंडा. गावात घरोघर जावई उतरत होते आणि बनुबाई तिचं नावही काढू देत नव्हत्या. सासरी आल्यापासून शोभाला राहीसारखी मैत्रीण मिळाली नव्हती. हा महिना हुकला तर पुढची तीन वर्षं गेली, आणि तेवढ्यात मनाच्या कडीला गंज चढतो, हे शोभाला कळत होतं.

बनुबाईंनी महिनाभर घरी पोथी लावायचं ठरवलं. वाचणार शोभा, कारण घरात सातवी झालेली तीच. ती वाचनालयात पोथी आणायला गेली आणि मला घेऊन आली. तिनं आधी माझं शेवटचं पान बघून घेतलं होतं. त्यात कुसुमची आई नातवाला जोजवत बसलेली आहे. म्हणजे मधे कुठं तरी ती दार उघडते. तेवढं सासूच्या कानावर पडलं की काम झालं, असा तिचा हिशेब. तिनं मला पोथीच्या लाल फडक्यात गुंडाळलं आणि पाटावर ठेवलं.

मित्रांनो, माझं वाचन ओवीच्या चालीवर झालं. ‘कुसुमनं वेणीत अबोली माळलीऽऽ आणि सायंकाळी ती रेडिओच्या दुकानी गेलीऽऽ.’ बायांनी हात जोडले. शेजारच्या कडूबाईंनी हळूच विचारलं, “रेडिओवाला हा कोनाचा आवतार म्हनायचा?” शोभा उगाच पानं चाळू लागली. बनुबाईच म्हणाल्या, “किस्नाचाच आसंल. त्याला सूर कळत्यात न्हवं?”

शहाणीसुरती माणसं आम्हा प्रेमाच्या न् घरगुती भांडणांच्या कादंबऱ्यांना हलकं समजतात. त्यांनी ती ओसरी बघायला हवी होती. बाहेर उन्हानं पत्रे तडतडायचे, आणि आत बाया डाळ निवडायची सोडून माझ्याकडं बघत बसायच्या. कुसुमचं पत्र चुकीच्या हाती पडलं की सगळ्या एकदम चुकचुकायच्या. लिहिणाऱ्यानं मला जेवढ्या मायेनं लिहिलं नसेल, तेवढ्या मायेनं त्यांनी मला ऐकलं. कुसुमच्या आईला तर कडूबाईंनी नाव ठेवायचं बाकी ठेवलं नाही. बनुबाई त्याहून पुढं.

“बया हाय का दगूड?” त्या म्हणाल्या. “पोटची पोर दारात आन् ही कडी लावून बसली.”

शोभानं मान खाली घातली. बनुबाईंच्या काही लक्षात आलं नाही. दुसऱ्याच्या दाराची कडी लांबूनही दिसते.

महिना संपायला सहा दिवस राहिले, आणि एकशे साठावं पान आलं. ‘आईनं कडी काढली. दारात कुसुम उभी होती. आई तिच्याकडं बघून म्हणालीऽऽ’ शोभानं याच पानाची वाट पाहिली होती. ती डोळे भरून, सूर लावून समोरच्या पानावर आली आणि भरात वाचत गेली, ‘पिलू बाहेर राहिल्यास त्याची चूक पाहू नयेऽऽ. ऊन चढण्यापूर्वी त्यास आत घ्यावेऽऽ. आई बोलावीत नाही असे दिसले, की पिलू येण्याचे सोडून देतेऽऽ. आत घेतल्यावर स्वच्छ पाणी आणि मक्याचा भरडा...’

इथं तिचा सूर तुटला. तिनं पुढचं पान बघितलं, त्याच्या पुढचं बघितलं. सगळीकडं कोंबड्या. ज्या एका पानासाठी तिनं देवाशी एवढं खोटं केलं, ते पानच माझ्यात नव्हतं. मला माझी आयुष्यात कधी एवढी लाज वाटली नाही.

 कडूबाईंनी विचारलं, “जावयाला मक्याचा भरडा घालायचा व्हय?”

 बनुबाई दाराकडं बघत होत्या. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि आत गेल्या. कणगीतून तांदूळ काढल्याचा आवाज आला.

“शोभे,” त्या आतूनच म्हणाल्या, “अनारशाचं तांदूळ तीन दिस भिजावं लागत्यात. आजच घाटलं पायजेत.”

दुसऱ्या दिवशी शोभाचा नवरा तिसगावला सांगावा घेऊन गेला. महिन्याच्या शेवटच्या दिवशी राही आणि सूर्यभान एस.टी.नं आले. सासूबाईंना काय न्यावं हे न कळून सूर्यभाननं सायकलची नवी घंटा आणली होती. राही उंबऱ्याबाहेरच थांबली.  बनुबाई दारात आल्या. अख्खी ओसरी श्वास धरून होती, मीसुद्धा.

“भायेर काय उभी ऱ्हायलीस? आत ये. ऊन लागंल.”

जेवणं झाली, वाण झालं. राही पोथीच्या पाया पडायला वाकली आणि तिच्या पदरानं माझं फडकं सरकलं. “आगं वैनी,” ती हसून म्हणाली, “ही तर कादंबरी हाय.”

सूर्यभानचा अनारसा तोंडातच राहिला. शोभा भिंतीला टेकली. बनुबाईंनी मला उचललं, उलटंसुलटं केलं आणि परत पाटावर ठेवलं.

“आसंल,” त्या म्हणाल्या. “कोंबडीचं तेवढं खरं हुतं. राहे, बस, फुडलं तू वाच.”

पुढं गुरुजींना माझं व्यंग कळलं, तेव्हा त्यांनी तो फर्मा उसवायचं ठरवलं. बनुबाईंनी निरोप धाडला, की पोथीला हात लावायचा नाही.

मित्रांनो, जुन्या पुस्तकाचं पान सुटलं तर खळीनं चिकटवा, वाळवी दिसली तर ऊन द्या. पण चुकून शिवलं गेलेलं पान उपटून टाकू नका. कुणाला त्याचीच गरज असते. कुसुमची आई दार उघडून काय म्हणाली, ते मला आजवर कळलेलं नाही. बनुबाई काय म्हणाल्या, ते मात्र पाठ आहे.