दौलतभाऊंची फुंकर

"ठेव ती खाली! तोंड लावू नको!"

सासूबाईंच्या ओरडण्याने पूर्वी जागच्या जागी थिजली. तिच्या हातात रबराची गोल गादी होती, बूच उघडायचंच काय ते बाकी होतं.

पार्वतीबाई न्हाणीघरात घसरल्या, माकडहाड दुखावलं, तेव्हा डॉक्टरांनी ही हवेची गादी सांगितली. त्यांच्या यजमानांनी, दौलतभाऊंनी, काल्हेरहून ती आणली, गाल फुगवून स्वतःच फुंकली आणि म्हणाले, "बस आता म्हाराणीसारखी!" त्याच आठवड्यात ते झोपेतच गेले. आता हवा कमी होऊन गादी चिंबली होती. बसलं की कळ मस्तकात जायची, पण म्हातारी गादीत हवा भरू देईल तर शपथ!

"आई, नुसती हवाच भरायचीय ना?"

"हवा न्हाय ती. त्यांची फुंकर हाय."

हे खूळ पूर्वीच्याच लेकीने डोक्यात भरवलेलं. मेघाली गोव्याला प्रयोगशाळेत ध्रुवावरचा बर्फ कापते. भाऊ गेल्यावर आजीचं मन रमवायला तिने फोनवर बर्फाचा तुकडा दाखवला होता. "हे बुडबुडे बघ, आजी. थरावर थर साचले, तेव्हाची हवा आत कोंडली. हजारो वर्षं तशीच! तेव्हा हवेत काय होतं, ते कळतं यातून." दुसऱ्या दिवशी गादी देव्हाऱ्याशेजारी जाऊन बसली.

पूर्वीने वैतागून लेकीला फोन लावला. पार्वतीबाईंनी तो ओढूनच घेतला.

"बर्फातली हवा तुमी वळखता कशी गं?"

"बर्फ फोडून, आजी. फोडल्याशिवाय ती हाती लागत नाही."

"आन् रबरातली?"

मेघालीच्या लक्षात आलं. तिचा आवाज खाली आला. "रबर धरून नाही ठेवत, आजी. रोज थोडी थोडी जातेच."

पार्वतीबाईंनी फोन ठेवला आणि रडायचं ते रडून घेतलं. मग गादी मांडीवर घेऊन नळी गालाशी धरली आणि बूच काढलं. गालावर हलका वारा आला. वास रबराचाच, भाऊंच्या तंबाखूचा मागमूसही नव्हता. तरी गादी पार चपटी होईस्तोवर त्या डोळे मिटून बसल्या.

"पूर्वी, ये. फुंक आता. बसवत न्हाय मना."

पूर्वी सवयीने नळीचं तोंड ओढणीने पुसायला गेली.

"पुसू नको," पार्वतीबाई म्हणाल्या.

पूर्वीने ती तशीच ओठांना लावली.