संदर्भसूचीतला माणूस

"पुस्तक असलं की लेखकाचं आडनाव आधी," मुलगी शाळेतून आलेला नियमांचा कागद वाचत म्हणाली. "वर्तमानपत्र असलं की बातमीचं शीर्षक, मग तारीख. वेबसाइट असली की आपण ती कधी पाहिली ते. हे सगळं झालं, बाबा. माणूस असला की काय लिहायचं, तिथे अडलंय."

बाबांनी पाटीवर लिहिलं, "माणूस कोण?"

"तुम्हीच की."

ते हसले. हसले म्हणजे खांदे हलले आणि गळ्यातल्या भोकावर बांधलेला पातळ रुमाल जरासा फुगला. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र गेल्यापासून त्यांचं हसणं एवढंच उरलं होतं. त्याआधी उभा जन्म या माणसाने बसस्टँडवर सूचना देण्यात घालवला. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागेल, कोणाचं मूल हरवलंय, कोणाची पिशवी सापडलीय, हे गाव त्यांच्या तोंडून ऐकायचं. घरी पाण्याचा पेलासुद्धा ते अशा थाटात मागायचे, की बायकोने त्यांचं नाव 'माइकवाले' पाडलं होतं.

नववीतल्या मुलीचा प्रकल्प स्टँडवरून सुटायच्या बंद झालेल्या गाड्यांवर होता. पुस्तकांत त्याबद्दल काही म्हणजे काही नव्हतं आणि वर्तमानपत्रात होतं ते चिमूटभर. बाकी सगळा प्रकल्प बाबांनी सांगितलेल्या हकिकतींवर उभा होता, आणि नियम असा होता की मुलाखतीचं ध्वनिमुद्रण जोडावं. नसेल तर तपासनीस त्या व्यक्तीला फोन करून खात्री करतील. खात्री झाली नाही तर त्यावर आधारलेला मजकूर वगळला जाईल. तपासणारे सर दुसऱ्या शाळेतले. त्यांचा फोन आज दुपारी येणार होता.

रेकॉर्डिंग नव्हतं. ऑपरेशनच्या आधी ती हकिकती उतरवून घेत होती तेव्हा तिने मोबाइल पुढे धरला होता, आणि बाबांनीच तो बाजूला सारला होता. "या फाटक्या आवाजाचं कसलं रेकॉर्डिंग करतेस गं? ऑपरेशन होऊ दे, मग खणखणीत देतो." आवाज परत येणार नाही हे डॉक्टरांनी तेव्हाच स्पष्ट सांगितलं होतं. बाबांनी ते ऐकलंही होतं. पण ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलं, त्याला स्वतः ऐकायची सवय कुठून असणार?

सकाळपासून बापलेकीने घर पालथं घातलं. जुना मोबाइल चार्ज करून पाहिला. त्यातल्या प्रत्येक व्हिडिओत बायको होती, मुलगी होती, शेजारच्यांचं मांजरसुद्धा होतं; बाबा मात्र मोबाइल धरून गप्प उभे. सूचना देणाऱ्या माणसाला शूटिंगच्या वेळी मध्ये बोलायचं नसतं हे पक्कं ठाऊक होतं. स्टँडवर तर सगळा कारभार तोंडी चालायचा आणि आता तिथे मशीन बोलत होतं. गावाच्या कानाकानात बसलेला तो आवाज कोणीच कुठे ठेवला नव्हता. हे ध्यानात आलं तेव्हा बाबा घाबरले. मरणाचीही इतकी भीती त्यांना वाटली नव्हती.

"मी सरांना खरं सांगते," मुलगी म्हणाली.

बाबांनी जोरजोरात मान हलवली. ऑपरेशननंतर ते उंबऱ्याबाहेर पडले नव्हते. गावाने आपल्याला असं पाहावं, कीव करावी, हे त्यांना सोसणार नव्हतं.

तेवढ्यात बाबांचा धाकटा भाऊ आला. कोणाच्याही अडचणीत आधी उडी मारायची आणि मग पाणी किती खोल ते विचारायचं, असा त्याचा स्वभाव. "त्यात काय एवढं? दादा, मी बोलतो तुझ्या जागी. फोनवर कोण ओळखतंय? बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचं..." पुढचं त्याने गिळलं आणि खिडकीबाहेर बघू लागला.

बाबांनी मुलीकडे पाहिलं. तिची नखं खाऊन संपली होती. बुडत्याला काडीचा आधार. त्यांनी मान डोलावली.

फोन आला. काकाने स्पीकर लावला. नाव, काम, किती वर्षं, सगळं ठीक पार पडलं. मग सरांनी विचारलं, "डोंगराकडची मुक्कामी गाडी बंद झाली, तेव्हा काय सूचना दिली होती तुम्ही?"

काकाचं तोंड उघडं ते उघडंच. बाबांनी घाईघाईने पाटी भरली, आणि काकाने ती एका दमात वाचून टाकली. "ही गाडी उद्यापासून सुटणार नाही प्रवाशांनी तिची वाट पाहू नये."

"मी त्याच गाडीने शाळेला जायचो," सर म्हणाले. "सूचना झाली तेव्हा फलाटावरच उभा होतो. शब्द हेच होते. पण हा आवाज तो नाही. कोण बोलतंय?"

"अहो, जरा घसा बसलाय माझा..."

"हे बघा, खोटा माणूस उभा केला असेल तर मजकूर नाही, सगळा प्रकल्प बाद करावा लागेल मला. मुलीच्या नावावर शेरा जाईल तो वेगळाच."

मुलगी रडायला लागली. बाबांनी काकाच्या हातून फोन ओढून घेतला. त्यांचे ओठ हलले, मानेच्या शिरा ताठ झाल्या, पण शब्द म्हणून काही निघेना. सर विचारत राहिले, "हॅलो? हॅलो? मी ठेवू का?"

तेव्हा बाबांनी रुमाल वर केला आणि फोन गळ्यातल्या भोकापाशी धरला. आत-बाहेर होणाऱ्या श्वासाची ओलसर घरघर खोलीत सगळ्यांना ऐकू येत होती. त्यांनी फोन हलवला नाही.

"सर, हे बाबा आहेत," मुलगी हुंदके देत म्हणाली. "ऑपरेशन झालं. आता आवाज नाही त्यांना. मघाशी काका बोलत होते."

सर बोलले. "मजकूर राहू दे, बाळ. ती सूचना मी माझ्या कानांनी ऐकलीय, खात्री मीच देतो. पण नियम मला मोडता येत नाही. रेकॉर्डिंग नाही, तर तसं सूचीत लिहावं लागेल." मग त्यांचा स्वर बदलला. "बाबांना माझा नमस्कार सांग."

बाबा ऐकतच होते. त्यांनी फोनपुढे हात जोडले.

संध्याकाळी आई कामावरून आली. झालेलं सगळं ऐकून ती धाकट्या दिराला काही बोलली नाही. नुसतं पाहिलं, आणि तो निमूटपणे घरी गेला. मग मुलगी तिला छापून आणलेली सूची वाचून दाखवू लागली. पुस्तकं झाली, वर्तमानपत्रं झाली, वेबसाइट झाल्या. शेवटच्या नोंदीपाशी ती थांबली.

"वाच की," आई म्हणाली.

"राहू दे. बाबांचीच नोंद आहे."

बाबांनी पाटी ओढली आणि लिहिलं, "वाच. मोठ्याने."

मुलीने आधी आडनाव वाचलं, मग नाव. मग तारीख. "प्रत्यक्ष मुलाखत," ती म्हणाली. "ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही."

बाबांनी बोट वर करून पुन्हा वाचायला सांगितलं. तिने पुन्हा वाचलं.