सासूबाईंच्या आडचा उपग्रह

बंडोपंतांच्या कोळवणच्या जागेत पाहुणा आला, की त्याला चहाच्या आधी कुदळ मिळे. पाहुण्याने एक झाड लावायचं, मग चहा. आणि त्या दिवसापासून त्या झाडाला पाहुण्याचंच नाव. पाटबंधारे खात्यात असल्यापासून त्यांनी हा नियम पाळला होता, त्यामुळे निवृत्तीनंतर ते घनदाट नातेवाइकांत राहत होते. फाटकाशी मेहुणे शेखर, करंज. विहिरीपाशी थोरले बंधू दादासाहेब, ऐन. दादासाहेब स्वतः वारून बरीच वर्षं झाली होती, पण ऐनाची तब्येत उत्तम होती. आणि घराच्या अगदी डोक्यावर सासूबाई. फणस. एवढी रोपं समोर मांडलेली असताना त्यांनी फणसच का उचलला, हे विचारायची हिंमत कुणी केली नव्हती.

सगळं छान होतं. फक्त टीव्ही दिसत नव्हता.

त्यांच्या पत्नी रजनीताई कोथरूड सोडून इथे आल्या त्या एकाच अटीवर, की त्यांची संध्याकाळची मालिका चुकता कामा नये. मोबाइलला रेंज यायची ती फाटकावर चढल्यावर, आणि फाटकावर बसून मालिका बघण्याचं त्यांचं वय नव्हतं. म्हणून त्या शेजारी गेणबाकडे जात. त्याचं घर भातखाचरात, उघड्यावर. पण गेणबाची आक्काबाई पुढचं सगळं आधीच सांगून टाकायची. त्यातलं एकही खरं निघायचं नाही, तरी ते मालिकेपेक्षा रंगायचं.

"काल जो मेला तो टीव्हीतला होता की आक्काबाईच्यातला, हेच मला आठवेना," एका रात्री रजनीताई म्हणाल्या. "आता बास. शनिवारी महाएपिसोड आहे. तो माझ्या घरात, माझ्या टीव्हीवर दिसला नाही, तर रविवारच्या पहिल्या एसटीने मी कोथरूडला. तुम्ही बसा माझ्या आईच्या फणसाखाली."

रजनीताई उगाच बोलत नसत. बंडोपंतांना झाडांशी तासन्‌तास गप्पा मारता येत, पण झाडं 'स्वेटर घाला' म्हणत नाहीत.

शनिवारी सकाळी पौडहून डिश बसवणारा रवी आला. बंडोपंतांचा हात सवयीने कुदळीकडे गेला.

"आज आधी चहा," रजनीताई म्हणाल्या. "अजून एक झाड लागलं तर उपग्रह हात जोडून परत जाईल."

रवीने चहा घेता घेता वर बघितलं. मग मान तिरकी करून बघितलं. "काका, आभाळ कुटं हाय?"

"दिसत नाही ना?" बंडोपंत अभिमानाने म्हणाले.

छपरावर चढून रवीने आग्नेयेला हात केला. "डिशला हिकडचं आभाळ मोकळं लागतंय. मधी ह्ये काय?"

"सासूबाई."

"त्यांचा ह्यो एक हात खाली घेतला, तर पिक्चर येतंय बगा."

पण ज्याचं झाड त्याला विचारल्याशिवाय फांदी तोडायची नाही, हाही नियमच होता. बंडोपंत फाटकावर चढले आणि त्यांनी नाशिकला फोन लावला. सासूबाई नव्वदीच्या, आवाज चाळिशीचा.

"माझी कुठली फांदी?"

"आग्नेयेची."

"तिला फणस आहेत?"

"आहेत."

"मग तुझ्या उपग्रहाला म्हणावं, तूच सरक."

फोन बंद. फाटकावर होतेच, म्हणून बंडोपंतांनी शेखरलाही विचारून टाकलं. शेखर तत्काळ म्हणाला, "कापा की! बुंध्यातून कापा!" पण शेखर आडवा येतच नव्हता.

मग पाण्याच्या टाकीवर बसवायचं ठरलं. रवीने शिडी लावली, पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि वरून एक फणस सुटून टाकीच्या झाकणावर धप्पकन आदळला. झाकणाचे दोन तुकडे झाले. फणस शाबूत.

"न्हाई म्हनाल्या," रवी म्हणाला आणि शिडी काढली.

एवढ्यात गेणबा आला. गेणबाकडे कुठल्याही अडचणीवर सल्ला तयार असे. अडचण नसली तरी असे. "पंत, समद्यात उंच कोन? दादासाहेब. बांदा त्यांच्या डोक्याला!"

"झाडाला डिश बांधत न्हाईत," रवी म्हणाला.

"का?"

"न्हाई बांधत." पण त्याला पुढे ताम्हिणीला जायचं होतं आणि रजनीताई दारात उभ्या राहून घड्याळाकडे नुसत्या बघत होत्या. त्याने बांधली.

आणि चित्र आलं! रजनीताईंनी आतून हाक दिली. बंडोपंतांनी भर उन्हात गेणबाला मिठी मारली. मग वळवाचा वारा सुटला. दादासाहेब डुलायला लागले. टीव्हीतली नायिका आधी चौकोनी झाली, मग तिचं डोकं डावीकडे आणि पदर उजवीकडे राहू लागला. शेवटी एक वानर आलं, त्याने डिशची जागा नीट पारखली आणि आरामखुर्चीत बसावं तसं ते आत रेलून बसलं. पडद्यावर अक्षरं आली, 'सिग्नल नाही'.

"दादासाहेबांस्नी मालिका पटना," गेणबा म्हणाला.

रवी डिश घेऊन खाली उतरला, मागोमाग नाराज वानर. "त्ये सोडा. पावसात हिच्यावर वीज पडली, तर वायरीवाटं थेट घरात यील. कोथरूडला जावा म्हनं काकू, पन जित्त्या जावा."

रजनीताईंनी बॅग काढली.

बंडोपंत दारात उभे राहिले. थांब म्हणावं असं त्यांना फार वाटलं, पण त्यांच्या तोंडून आलं ते, "कुरडया राहिल्यात बाहेर."

"आणतेच आहे."

घरामागे, थोड्या अंतरावर, सिमेंटचा एक ओटा होता. त्यावर कुरडया पसरलेल्या. बंडोपंत परडी धरून मागोमाग गेले, त्यांच्यामागे रवी, रवीमागे गेणबा, अंत्ययात्रेला निघाल्यासारखे. रजनीताईंनी एक कुरडई मोडून बघितली. कडकडीत. त्यांनी दुसरी मोडली आणि त्या थांबल्या.

"रवी, तुझ्या डिशला उंची लागते की उघडं आभाळ?"

"आभाळ."

"मग या अख्ख्या जंगलात माझ्या कुरडया फक्त इथेच का वाळतात?"

सगळ्यांनी वर बघितलं. सासूबाई आणि दादासाहेब यांच्यामध्ये निळंभोर आभाळ होतं, बरोबर आग्नेयेला, वाळत टाकलेल्या साडीएवढं. वर फांदी नाही, जवळून विजेची तार नाही. ओट्याशेजारी फक्त एक गुडघाभर बकुळ होती आणि तिच्यावर रजनीताईंचं पोतेरं वाळत होतं.

"हे रोप कुनाचं?" रवीने विचारलं.

"यंदाचंच आहे," बंडोपंत घाईने म्हणाले.

"यंदाचं?" गेणबा ओरडला. "ह्ये सोता पंत हायेत की! जागा घेतली त्या दिशी लावलेलं, समद्यात पयलं झाड. दर साली यंदाचंच म्हनत्यात!"

बंडोपंत परडीत बघू लागले. इतकी वर्षं ज्याला त्याला कुदळ दिली, ते सगळे आभाळाला टेकले. आपण तेवढे राहिलो.

रजनीताई हसायला लागल्या. त्या इतक्या हसल्या की ओट्यावर बसल्या, आणि कुरडयांवर बसल्या. "अहो! आणि मी तुमच्यावर रोज पोतेरं वाळत घालते!"

"घाल की," बंडोपंत म्हणाले. "म्हणजे... इथेच राहून घाल."

रजनीताईंनी उठून पोतेरं उचललं आणि बकुळीवरची धूळ फुंकली. "रवी, ओट्यात बोल्ट मार. यांच्या डोक्यावरून आभाळ मोकळं आहे."

संध्याकाळी चित्र लखलखीत आलं. महाएपिसोड बघायला आक्काबाईही आली आणि शेवट तिने आधीच सांगितला. तो चुकला. रविवारची पहिली एसटी रजनीताईंना न घेताच गेली.

जूनमध्ये बकुळीला एकाएकी नवा कोंब फुटला. सरळ, जोमदार, आणि थेट डिशच्या दिशेने. बंडोपंतांना आनंदाने झोप येईना आणि भीतीने ते कुणाला सांगेनात. पण रजनीताईंच्या नजरेतून काय सुटतं? त्या कात्री घेऊन बकुळीपुढे उभ्या राहिल्या.

"अहो, वाढायचं तर वाढा," त्या झाडाला म्हणाल्या. "पण डिशच्या खालून."

"बरं," ओसरीवरून बंडोपंत म्हणाले.