ढगाबाहेरचा पाय

मी एक जुना पाय आहे. हसू नका, मित्रांनो. नुसता पाय. डावा, गुडघ्यापासून खाली, चुना आणि संगमरवराच्या भुकटीचा. माझा बाकीचा देवदूत चित्रातला आहे. रोममधल्या एका चर्चमध्ये, बाजूच्या खोलीएवढ्या कोनाड्याच्या छतावर तो रंगवलाय. तो सपाट आहे, मी नाही. तो ढगावर बसलाय आणि मी ढगातून बाहेर येऊन छताच्या कडेच्या कठड्यावरून खाली लोंबतोय. तो कुठे संपतो आणि मी कुठे सुरू होतो, हे खाली उभ्या माणसाला कळत नाही. माझं दुःख तेच आहे.

ज्याने कोनाडा बांधला, त्याने वर एक खिडकी अशी दडवली होती की उजेड दिसावा, खिडकी दिसू नये. फुल्जेंझिओ चित्रकाराने त्याच उजेडाच्या हिशेबाने आकाश रंगवलं. सगळं जमलं, पाय जमेना. ओल्या गिलाव्यावर तीनदा रंगवला, तीनदा खरवडला.

"हा पाय आहे की वाळत घातलेला मोजा?" खालून एर्कोलेने विचारलं. तो खांबांवर चुन्याची फळं-पानं घडवत होता.

"मग तू करून दाखव, चुनेवाल्या!"

"दाखवतो की!"

पण चर्चच्या फादर आन्सेल्मोंची सक्त अट होती : लोकांच्या डोक्यावर फक्त रंग, चुन्याचा एक तुकडाही नको. आदल्या ईस्टरला दुसऱ्या एका चर्चमध्ये छताला लावलेलं चुन्याचं देवदूत-बाळ भर प्रार्थनेत खाली कोसळलं आणि एका पाववाल्याचा खांदा मोडला होता.

"तू चुन्यात घडव, आत्ता गप्प राहू," फुल्जेंझिओ म्हणाला. "उत्सवाला फादर खूश झाले की मीच सांगतो. तुझं नाव घेतो. पुढच्या कोनाड्याचं काम तुझं, गड्या." असं म्हणून त्याने आपल्या भाकरीचा अर्धा तुकडा आणि कांदा त्याच्यापुढे केला.

एर्कोलेने मला आठ दिवस घडवलं. घोट्याची शीर काढताना तो श्वास रोखायचा. मग फुल्जेंझिओने रंगवलेल्या मांडीवरून कुंचला खाली ओढला तो थेट माझ्या गुडघ्यावर. सांधा नाहीसा झाला. एकाने उजेड दिला, एकाने रंग, एकाने मांस. मला वाटलं, माणसं फार चांगली असतात.

वाटलं होतं.

उत्सवाच्या सकाळी परांची उतरली. फादर वर बघतात तो दचकून बाजूला झाले. "फुल्जेंझिओ! अरे, हा पाय आता माझ्या टकलावर पडतो की काय!"

"नुसता कुंचला, फादर," फुल्जेंझिओ म्हणाला.

एर्कोले त्याच्याकडे बघत राहिला. "सांग ना रे."

"काय सांगू?"

"तो पाय माझा आहे!" एर्कोले ओरडला.

"तुझे दोन्ही तर तुझ्याजवळ आहेत की!" एक बाई म्हणाली आणि सगळं चर्च हसलं.

"हसा. दुपारपर्यंत थांबा. रंगवलेली सावली जागची हलत नाही. याची हलेल."

फादरांचा चेहरा उतरला. "चुना आहे? असेल तर आजच्या आज छिन्नी लावून उतरवतो. माझ्या लेकरांच्या डोक्यावर मरण टांगायचं नाही मला."

एर्कोले एवढा विचार करून बोलला नव्हता. फुल्जेंझिओने एक शब्द टाकला असता तर फादर ऐकते. त्याने टाकला नाही. खिशात हात घालून उभा राहिला.

लोक माना वर करून थांबले. ऊन फिरलं. माझ्या टाचेखालची सावली कठड्यावरून बोटभर सरकली.

"हलली का गं?" कोणीतरी कुजबुजलं.

एर्कोले भिंतीपाशी गेला. खिडकीच्या झडपेची दोरी त्याने ओढली. वर अंधार झाला.

"माझं चुकलं, फादर," तो म्हणाला. "रंगच आहे."

"सकाळी सकाळीच चढवून आलाय!" लोक म्हणाले. फुल्जेंझिओने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "जा, घरी जाऊन झोप." तो हात मी वरून पाहिला. तो मला अजून विसरता येत नाही. एर्कोले त्या दारातून गेला तो पुन्हा आला नाही. पुढच्या कोनाड्याचं काम दुसऱ्याने केलं.

फुल्जेंझिओला मी चोर म्हणतो आणि मोकळा होतो. एर्कोलेला काय म्हणू? ज्याने मला घडवलं, त्यानेच चारचौघांत मला नाकारलं, आणि तेही मला वाचवायला. असलं वाचणं कोणाच्याही वाट्याला येऊ नये.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. जपतात. शिडी लावून लोक येतात, मऊ कुंचल्याने माझी बोटं झटकतात. त्यांना माझा सांधा बोटाला लागतो. मग ते खाली उतरतात आणि गप्प बसतात. दाराशी पाटी आहे, तिच्यावर एकच नाव आहे. सुंदर वस्तू जपायला काय लागतं? फडकं लागतं. ती करणाऱ्याचं नाव जपायला छाती लागते. तुमच्या कामात दुसऱ्याचा हात राबला असेल तर ते मोठ्याने सांगा, सगळ्यांसमोर, स्तुती चालू असतानाच. तेव्हा तोंड मिटून उभे राहिलात तर तुम्ही चोर आहात, मग छतावर कितीही देवदूत बसवा.