हिरवी खूण

डोळ्यांच्या दवाखान्यात रोज एक भांडण ठरलेलं. रुग्ण म्हणायचा, "मी वेबसाइटवर नंबर लावला होता." काउंटरवरची बाई म्हणायची, "यादीत नाव नाही." मोठे डॉक्टर म्हणायचे, "लोक विसरतात आणि खापर आमच्यावर फोडतात." तरी शेवटी त्यांनी वेबसाइटी दुरुस्त करणाऱ्या धाकटीला बोलावलंच. घरात ती धाकटी, म्हणून आपल्यालाही धाकटीच.

नंबर लावायचं काम एक फुकटात मिळालेलं प्लगइन, म्हणजे वेबसाइटला जोडायचा तयार प्रोग्राम, करत होतं. त्याचं नाव 'विश्वासू नोंदणी'. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! माहितीच्या पानावर 'हे कसं चालतं' या मथळ्याखाली दोनच शब्द होते, 'लवकरच लिहू'. लिहिणारा केव्हाच पसार. मग धाकटीने ब्राउझरमधली ती खिडकी उघडली, जिथे पान आणि सर्व्हर एकमेकांना काय पाठवतात ते दिसतं. खोटी नावं भरून पाहिली. सगळं सुरळीत. वैतागून तिने मुद्दाम नेट तोडलं आणि बटण दाबलं.

तरीही हिरवी खूण आली. 'तुमची नोंद झाली.'

सर्व्हरला पत्ताच नव्हता. प्लगइन उत्तराची वाट न बघताच खूण दाखवायचं आणि निरोप पोचला नाही तर गुपचूप फोनमध्येच ठेवून द्यायचं. तेच पान पुन्हा उघडलं तरच परत पाठवायचं. आता हिरवी खूण बघितल्यावर ते पान पुन्हा कोण कशाला उघडेल?

धाकटीला आई आठवली. आईही हेच म्हणत होती, "हिरवी खूण आली होती गं. मी नंबर लावला होता." याच दवाखान्यात तिचं नाव निघालं नाही, आणि सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं, आई विसरायला लागली. मग दादाने कपाटाच्या किल्ल्या काढून घेतल्या, वहिनी गॅसला हात लावू देईना. चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि "आई, तू विसरलीस" हे सगळ्यात आधी म्हणाली होती ती धाकटीच, कारण कॉम्प्युटरमधलं घरात तिलाच कळायचं.

घरी येऊन तिने आईचा फोन कॉम्प्युटरला जोडला. नोंद जशीच्या तशी पडून होती. आईचं नाव, डावा डोळा, 'धुरकट दिसतं'.

दादाला दाखवलं. तो म्हणाला, "बरं, हे एक सोड. पण त्या दिवशी दूध उतू गेलं, त्याचं काय?" दूध वहिनीकडूनही उतू जायचं, पण तिचं ते नुसतंच उतू जायचं.

धाकटी आईजवळ जाऊन बसली. "आई, तू बरोबर होतीस. नंबर लावला होतास तू."

पूर्वीची आई असती तर तिने यावर घर डोक्यावर घेतलं असतं.

"लावला होता का?" आई म्हणाली. "नसेल गं लावला. मी विसरते हल्ली." मग लेकीचा हात थोपटत तिचीच समजूत घालू लागली, "तू नको वाईट वाटून घेऊस."