कपबश्या जागच्या जागी

"कुठं गेल्या कपबश्या?" दफनभूमीच्या फाटकातूनच वर्लीनताई ओरडली.

"भरतोय की खोक्यात," झाडू टेकवत अर्नेस्टीन मावशी म्हणाली. "सरकारी माणूस यायचाय. हा फुटका पसारा बघून काय म्हणेल तो? इतिहासाची डॉक्टर झालीस, पण टापटीप काही शिकली नाहीस!"

तिच्याबरोबर झाडायला आलेल्या चर्चच्या बायका हसल्या. माझ्या या थोरल्या बहिणीनं डोक्याला हात लावला.

अमेरिकेतल्या आमच्या कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर मेलेल्या माणसाचा शेवटचा कप बूड फोडून त्याच्या कबरीवर ठेवतात. मग मरण तिथंच थांबतं, मागोमाग घरात येत नाही. गुलामीत मेलेल्यांना नावाचा दगड कोण देणार? कप हीच त्यांची खूण. रस्तेखात्याला मात्र इथून रस्ता काढायचा होता. त्यांच्या नकाशात ही मोकळी जमीन होती. इथं आमची पणजी निजली आहे हे त्या सकाळी ताई सरकारी माणसाला पटवून देणार होती, आणि आमच्याच बायकांनी पुरावा झाडून काढला होता.

आम्हा काळ्या माणसांचा इतिहास लिहिण्यात ताईचा सारा जन्म गेला. विद्यापीठातले बडे लोक म्हणायचे, म्हाताऱ्यांच्या गप्पा म्हणजे इतिहास नव्हे. ही पुन्हा कुणाच्या तरी ओसरीवर जाऊन बसायची आणि शेंगा सोलत ऐकत राहायची. मी चिडवायची, "शेंगाच सोलायच्या होत्या तर एवढी शिकलीस कशाला?"

रस्तेखात्याचे होलिस साहेब आले. त्यांनी झाडांखालून एक चक्कर मारली. "डॉक्टर, इथं तर काहीच दिसत नाही."

ताईनं व्याख्यान दिलं नाही. तिनं खोकं उचलून मावशीपुढं ठेवलं. "मावशी, ज्याचा कप त्याला परत द्या."

मावशीचा चेहरा उतरला. तिनं निळ्या काठाचा कप काढला. "ही माझी सासू. चहात साखर कमी पडली तर घर डोक्यावर घ्यायची." ती थेट ओकच्या झाडाखाली गेली, पानं बाजूला सारली. जमीन माणसाच्या लांबीएवढी खचलेली होती. मग बाकीच्या पुढं झाल्या.

"हा आमचा बाबा."

"ही वाटी माझ्या बहिणीच्या तान्ह्या पोरीची."

कुणी अडखळलं नाही. एकेक कप ठेवला जाई आणि एकेक खळगा उघडा पडे. होलिस साहेबांनी आपल्या पायाखाली पाहिलं. "बाई, मी उभा कुठं राहू?" त्यांनी हळूच विचारलं.

"आधी तिथून हला," मावशी म्हणाली. "मोझेसकाका आहेत ते. जिवंतपणीसुद्धा त्यांना अंगणात कुणी आलेलं खपायचं नाही."

साहेब हलले. मग प्रत्येकीजवळ जाऊन त्यांनी तिचं सांगणं लिहून घेतलं. रस्ता पलीकडून गेला.

"ओलेटा," ताई मला म्हणाली, "म्हाताऱ्यांच्या गप्पा सरकारदरबारी रुजू झाल्या गं!" मला तिचा इतका अभिमान वाटला की चिडवायलाही काही सुचेना.

दोन वर्षांनी ताई गेली. निवृत्त होताना विद्यापीठानं दिलेला सोनेरी काठाचा कप तिनं कधी वापरलाच नव्हता. मी तिचा रोजचा, कान तुटलेला कप घेतला, बूड फोडलं आणि पणजीच्या शेजारी, ताईच्या कबरीच्या ओल्या मातीवर ठेवला. विद्यापीठातून आलेला एक तरुण प्राध्यापक कचरा समजून तो उचलायला वाकला.

"राहू दे, बाळा," अर्नेस्टीन मावशी म्हणाली. "आमच्या डॉक्टरबाई आहेत तिथं."